ट्रॅक रायडिंग शिकण्यासाठी किती सीसीची गाडी योग्य?

प्रश्न (पिंपरी-चिंचवडहून)

नमस्कार. माझे वय ३६, उंची पाच फूट अकरा इंच आणि वजन ८८ किलो आहे. गेली चौदा वर्षे मी दुचाकी चालवतो आहे आणि सध्या माझ्याकडे ६५० सीसीची, दोन सिलिंडरची, लांबच्या प्रवासाची गाडी आहे. ताम्हिणी आणि वरंध हे घाट मी पावसाळा सोडून वर्षभर करतो. परंतु घाटात समोरून एसटी येते, वळणावर खडी पसरलेली असते आणि एक चूक झाली तर सावरायला जागाच नसते. त्यामुळे रस्त्यावर वेग वाढवून कौशल्य वाढणार नाही हे मला आता पटले आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत पाहायला गेलो होतो. त्या तीन दिवसांत मोठ्या गाड्यांपेक्षा माझी नजर मोटो३ या धाकट्या गटाच्या २५० सीसी, एक सिलिंडरच्या गाड्यांवर अधिक खिळून राहिली. वळणात त्या मोठ्या गाड्यांइतक्याच झुकत होत्या आणि एकमेकींच्या कोपराला कोपर लावून जात होत्या. तेव्हापासून शर्यतीच्या बंद ट्रॅकवर नीट, पद्धतशीर शिकायचे असे मनाशी ठरवले आहे.

अडचण गाडीची आहे. माझी ६५० ट्रॅकवर न्यायची नाही, हे नक्की; तिचे वजन २०० किलोंच्या पुढे आहे आणि ती पडली तर रोजची गाडीच हातची जाईल. म्हणून वेगळी गाडी घ्यायची आहे. यामाहाची आर१५, जुनी केटीएम आरसी ३९० किंवा थोडे थांबून कावासाकी निंजा ६५० असे तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. मित्रमंडळींचे म्हणणे असे की, लहान गाडीचा सहा महिन्यांत कंटाळा येईल, तेव्हा एकदाच पैसे घालून मोठी घे. मला रेसिंग करायची नाही, पण वर्षातून चार-पाच वेळा ट्रॅकवर जाऊन खरोखर शिकायचे आहे. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ (चेन्नईहून)

मी मूळची साताऱ्याची. नोकरीमुळे अकरा वर्षे चेन्नईत आहे आणि त्यांतली आठ वर्षे जवळच्या इरुंगाट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर नियमित जाते. तुमच्या मित्रांचा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी माझ्या अनुभवाच्या अगदी उलट आहे.

आधी एक हिशेब मांडते, कारण त्यातून बरेच गैरसमज दूर होतात. गाडी वळणात किती वेगाने जाऊ शकते हे वळणाची त्रिज्या आणि झुकण्याचा कोन यांवर ठरते. त्या सूत्रात इंजिनाचे सीसी नसतात आणि गाडीचे वजनही नसते. ५० मीटर त्रिज्येच्या वळणात ३५ अंश झुकलेली गाडी ताशी सुमारे ६७ किलोमीटरने जाते, ४५ अंश झुकवली तर सुमारे ८० ने. गाडी १५५ सीसीची असो की १००० सीसीची, हा आकडा जवळपास तोच राहतो. उलट मागचे टायर रुंद असेल तर त्याच वेगासाठी किंचित अधिक झुकावे लागते. तुम्ही मोटो३ पाहताना जे टिपलेत त्याचे कारण हेच आहे.

फरक पडतो तो वळणापर्यंत पोहोचताना. समजा, लहान गाडी त्या वळणाच्या तोंडाशी १३० च्या वेगाने आली आणि लिटरची, म्हणजे १००० सीसीची, गाडी २०० ने आली. दोघींना ६७ पर्यंत उतरायचे आहे. गाडी आणि चालक मिळून वजन धरले तर लिटरच्या गाडीच्या ब्रेकला साडेतीनपटीहून अधिक ऊर्जा पचवावी लागते. २०० च्या वेगाला गाडी एका सेकंदात ५५ मीटर अंतर कापते, म्हणजे ब्रेक लावायला अर्धा सेकंद उशीर झाला तर सत्तावीस-अठ्ठावीस मीटर पुढे गेलात. नवख्या माणसाचा मेंदू अशा वेळी फक्त ब्रेकचाच विचार करतो. वळायचे कुठून, नजर कुठे ठेवायची, गुडघा टाकीला कसा टेकवायचा, यांतले काहीही शिकायला त्याच्याकडे लक्ष शिल्लक राहत नाही. दिवसभर पैसे भरून तो केवळ घाबरणे शिकतो.

हे मी स्वतःवरून सांगते आहे. पहिले वर्ष मी दोन सिलिंडरच्या ४०० सीसीच्या गाडीवर घालवले. सरळ पट्ट्यावर मी पुष्कळांना मागे टाकत असे आणि वळणात तीच मंडळी १५०-२०० च्या गाड्यांवरून माझ्या बाजूने निघून जात. वळणातून ताशी पाच-सात किलोमीटर हळू बाहेर पडले तरी थ्रॉटल (वेगाची मूठ) पिळला की इंजिन ती चूक झाकून टाकत असे, त्यामुळे चूक आहे हेच मला वर्षभर कळले नाही. पुढच्या हंगामात एका स्नेह्याची टीव्हीएसची अपाचे आरटीआर २०० दोन दिवस चालवली. जेमतेम २० पीएस ताकदीची ती गाडी. वळणातून हळू बाहेर पडले की ती शिक्षा पुढचा सरळ पट्टा संपेपर्यंत भोगावी लागे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझी लाईन, म्हणजे वळणातून जाण्याचा मार्ग, बदलली होती, कारण गाडीने दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

कीथ कोड यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूलचे वर्ग चेन्नईच्या या ट्रॅकवर होत आले आहेत. त्यांच्या पहिल्या पातळीचा पहिलाच धडा थ्रॉटलच्या नियंत्रणाचा असतो: वळणात एकदा थ्रॉटल उघडला की तो एकसारखा, न थबकता, वळण संपेपर्यंत वाढवत न्यायचा, म्हणजे सुमारे ४० टक्के भार पुढच्या चाकावर आणि ६० टक्के मागच्या चाकावर राहतो. २०० सीसीच्या गाडीवर हा धडा तुम्ही पहिल्या तासातच प्रत्यक्ष करू शकता, कारण मूठ अर्ध्याहून अधिक फिरवली तरी मागचे चाक जागा सोडत नाही. १००० सीसीच्या गाडीवर तीच मूठ दोन-तीन मिलिमीटर फिरवायलाही धैर्य लागते आणि मनगट आखडते.

म्हणून माझे मत असे की, निंजा ६५० चा विचार तूर्त सोडा. गाडी वाईट म्हणून नव्हे. ती सुमारे ६८ पीएसची, १९६ किलोंची, मुळात रस्त्यावरच्या आरामासाठी बनलेली गाडी आहे. १५० ते २०० च्या गाडीने सुरुवात करा.

आणखी एक गोष्ट ट्रॅकच्या निवडीबद्दल. चेन्नईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा आहे. कोइम्बतूरजवळ चेट्टिपालयमचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आहे. लहान गाडीला ही दोन्ही ठिकाणे मानवतात, त्यांतही करी अधिक. बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचे आहे आणि त्याचा मागचा सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब आहे. तिथे १५० ची गाडी घेऊन गेलात तर मात्र तुमचे मित्र म्हणतात तो कंटाळा खरोखर येईल: थ्रॉटल पूर्ण पिळून टाकीवर आडवे पडायचे आणि नुसती वाट पाहत राहायची.

उत्तर २ (कोल्हापूरहून)

माझे गॅरेज आहे आणि ट्रॅकसाठी गाड्या तयार करणे हे माझ्या कामाचा मोठा भाग आहे. वरच्या ताईंनी लिहिले आहे त्याला माझा पाठिंबा आहे. मी केवळ मेकॅनिकच्या बाजूने भर घालतो.

शिकणारा माणूस पडतो. कोणी पहिल्या दिवशी पडतो, कोणी दहाव्या, पण पडतो. तेव्हा गाडी निवडताना ती पडल्यावर काय काय बदलावे लागेल याचा विचार आधी करावा. लहान एक सिलिंडरची गाडी वळणात घसरून पडली तर बहुतेक वेळा क्लच किंवा ब्रेकचा लिव्हर, हँडलचा दांडा, फूटरेस्ट आणि एका बाजूचे फेअरिंग (प्लास्टिकचे आवरण) एवढ्यावर भागते. हे सामान तालुक्याच्या गावातही मिळते आणि संध्याकाळी गाडी पुन्हा उभी राहते. मोठी गाडी अधिक वेगात पडली तर लांब घसरत जाते आणि ट्रॅकच्या कडेच्या खडीत पोहोचली की कोलांट्या खाते. मग सबफ्रेम (सीटखालची चौकट), रेडिएटर आणि पुढचे फोर्क (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या नळ्या) यांच्यापर्यंत खर्च जातो. ट्रॅकवर नेण्याआधी फेअरिंगचे मूळ प्लास्टिक काढून घरी ठेवा आणि साधे फायबरचे बसवा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

टायर हा दुसरा भाग. आर१५ च्या नव्या गाडीला मागे १४०/७० चे टायर येते, तर आरसी ३९० आणि अपाचे आरआर ३१० यांना पुढे ११०/७० आणि मागे १५०/६० येते. या दुसऱ्या मापात चांगल्या पकडीच्या मऊ टायरांची निवड अधिक आहे, ही ३०० ते ४०० च्या गटाची खरी जमेची बाजू. पण लहान गाडी टायर आणि ब्रेक पॅड खाते किती कमी! एका सत्रानंतर चाकावर हात ठेवून पाहा. लहान गाडीच्या टायरच्या कडेला रबराचे बारीक मोत्यासारखे दाणे जमलेले दिसतात आणि तेवढ्यावर टायर दिवस काढते. भारी गाडीच्या टायरची कड दुपारपर्यंत फाटलेल्या चपलेसारखी होते.

आमच्या कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकॅडमीचा गो-कार्टचा ट्रॅक आहे. पुण्याहून हे अंतर सुमारे २३० किलोमीटर, म्हणजे पहाटे निघून शिकून रात्री घरी. चेन्नईला जायचे तर बाराशे किलोमीटर गाडी टेम्पोत घालून न्यावी लागते. तुम्हाला वर्षातून चार-पाच वेळा जायचे आहे, त्यांतल्या किती वेळा चेन्नई जमेल याचा प्रामाणिक विचार करा. कार्टच्या ट्रॅकवर सरळ पट्टे तोकडे आणि वळणे एकामागून एक असतात. तिथे दुसरा आणि तिसरा गिअर एवढ्यातच काम चालते. अशा जागी १५० ची गाडी दिवसभर हसत खेळत चालते आणि ३९० चालवणारा माणूस पहिल्या गिअरला उतरू की दुसऱ्यात राहू या विचारात दमतो. जागा कोणती मिळणार आहे हे ठरवा, सीसी त्यावरून ठरेल.

सीसी कमी म्हणजे गाडी कमी दर्जाची, ही समजूत मात्र काढून टाका. शर्यतीसाठी मुलांना तयार करायला होंडाने आपल्याकडे वापरलेली एनएसएफ२५०आर ही केवळ २४९ सीसीची, एक सिलिंडरची गाडी आहे. तेल, पाणी, पेट्रोल सोडून तिचे वजन ८४ किलो भरते. राष्ट्रीय स्पर्धेतही १६५ सीसीचा स्वतंत्र गट आहे आणि तिथली चढाओढ पाहण्यासारखी असते.

उत्तर ३ (नाशिकहून)

वरील दोन्ही उत्तरे अनुभवातून आलेली आहेत, पण दोघांनीही प्रश्नकर्त्याच्या वजनाकडे दुर्लक्ष केले आहे, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. माझी उंची सहा फूट आणि वजन ९६ किलो आहे. अंगावर चामड्याचा सूट, हेल्मेट, बूट आणि पाठीचे कवच चढवले की १०६ च्या आसपास जाते. लहान गाडीनेच शिकावे हा सल्ला मी अक्षरशः पाळला आणि १५० सीसीची गाडी घेतली. पहिल्या सत्रानंतर पुढच्या फोर्कच्या नळीवर बांधलेला प्लास्टिकचा बारीक टाय पाहिला, तर तो सरकत थेट तळाला जाऊन बसला होता. म्हणजे प्रत्येक जोराच्या ब्रेकला सस्पेन्शन संपत होते आणि त्यानंतर वळणातला प्रत्येक उंचवटा सरळ टायरवर येत होता. पुढचे चाक थरथरते ते माझ्या चुकीने की स्प्रिंग मऊ आहे म्हणून, हे मला ओळखता येईना. शिकणाऱ्याला गाडीचे बोलणे ऐकू आले पाहिजे, आणि माझ्या वजनाखाली ती गाडी बोलूच शकत नव्हती.

शरीर मावण्याचाही प्रश्न असतो. वळणात बाहेरच्या पायाची मांडी टाकीच्या खोबणीत घट्ट बसली तरच हात मोकळे राहतात. माझे गुडघे कोपरांना लागत, मांडीला टाकी सापडत नसे, मग सारा भार हँडलवर येई आणि हँडल आवळून धरले की गाडी वळत नाही.

म्हणून मला असे वाटते की, आपण ‘गाडीचा आकार’ म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. चौकट, सीट आणि स्प्रिंग किती मोठी हवी हे आपल्या शरीरावरून ठरवावे. इंजिनाची ताकद किती हवी हे आपल्या अनुभवावरून ठरवावे. बारीक अंगाच्या माणसाला या दोन्ही गोष्टी एकाच १५०-२०० च्या गाडीत मिळतात. आमच्यासारख्यांना चौकट ३०० ते ४०० गटाची लागते आणि ताकद मात्र २०० च्या गटाची. मी पुढे जुनी अपाचे आरआर ३१० घेतली ती एवढ्याचसाठी. २०२० मध्ये आलेल्या तिच्या आवृत्तीत निरनिराळे मोड आहेत. ‘रेन’ आणि ‘अर्बन’ मध्ये ताकद सुमारे २६ पीएसवर थांबते आणि ‘स्पोर्ट’ व ‘ट्रॅक’ मध्ये ३४ पर्यंत जाते. पहिले सहा दिवस मी ‘अर्बन’ वरच चालवली. पुढे २०२१ मध्ये कंपनीने मागणीनुसार बदलता येणारे सस्पेन्शनही द्यायला सुरुवात केली, त्यामुळे जुनी गाडी पाहताना तसे सस्पेन्शन बसवलेली मिळाली तर ती आधी पाहावी.

आरसी ३९० वाईट नाही, १७२ किलोंत ४३ पीएस म्हणजे चेन्नईच्या ट्रॅकला पुष्कळ झाले. पण तिचे इंजिन वरच्या फेऱ्यांत (आरपीएम) एकदम जोर धरते, आणि वळणाच्या मध्यावर असे होणे नवशिक्याला नको असते. स्लिपर क्लच असल्याने गिअर खाली टाकताना मागचे चाक उसळत नाही, ही मात्र सोय आहे. ताईंच्या मताचा आदर ठेवून सांगतो, ८८ किलोंच्या माणसाला मी १५० ची गाडी विकत घ्या असे म्हणणार नाही.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. शरीर आणि अनुभव यांचा वेगवेगळा विचार करायचा हे माझ्या मनात कधीच आले नव्हते. काल एका परिचिताच्या आर१५ वर, गाडी स्टँडवर उभी करून, बसलो आणि वळणातली बैठक घेऊन पाहिली. बाहेरची मांडी टाकीला लागते, पण पायाची पोटरी आणि फूटरेस्ट यांच्यात फारच अडचण होते. त्यामुळे आता कल जुन्या आरआर ३१० कडे झुकतो आहे. विकत घेण्याआधी ट्रॅकवर भाड्याची गाडी घेऊन पाहावी का? आणि जुनी गाडी बघताना नेमके काय तपासावे? विम्याबद्दलही कुणी सांगितले तर बरे होईल.

उत्तर १ (चेन्नईहून)

नाशिकच्या दादांनी वजनाचा मुद्दा मांडला तो मला मान्य आहे. माझे वजन ५७ किलो असल्यामुळे स्प्रिंगची ती अडचण मला कधी जाणवलीच नाही आणि म्हणून लिहिण्यातून सुटली. तुमच्या अंगाला ३१० ची चौकट बरी, आणि कोल्हापूरच्या कार्ट ट्रॅकवर ती दुसऱ्या गिअरमध्ये ‘अर्बन’ मोडला ठेवलीत तर फारशी अडणार नाही.

भाड्याची गाडी जरूर घ्या. जिथे प्रशिक्षणाच्या शुल्कातच गाडी मिळते, असे वर्ग शोधा. पहिल्या दोन दिवसांत तुम्हाला कळेल की हे तुम्हाला वर्षानुवर्षे करायचे आहे की एकदाच. त्याआधी लाखभर रुपये गुंतवू नयेत. शक्य असेल तर एक दिवस २०० वर आणि एक दिवस ३१० वर काढा आणि दोन्ही दिवशी संध्याकाळी आपले तळहात पाहा. ज्या गाडीवर अंगठ्याच्या मुळाशी फोड आले त्या गाडीवर तुम्ही हँडल आवळून धरले होते.

विम्याचे स्पष्ट सांगते. आपल्याकडच्या दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या हे वापर वगळलेले असतात. पॉलिसीच्या कागदावर ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली ते छापलेले असते, वाचून घ्या. त्यामुळे ट्रॅकवर झालेले नुकसान आपल्याच खिशातून भरायचे असे धरून चाला आणि ज्या गाडीचे ते नुकसान तुम्हाला झोप न उडता सोसता येईल तीच गाडी न्या. हा निकष मी सीसीपेक्षाही वर ठेवते. वैद्यकीय आणि अपघात विम्यातही धाडसी खेळांबद्दल काय लिहिले आहे ते तपासा.

गाडीबरोबर अंगावरच्या सामानाचे पैसे आधीच बाजूला काढा. चांगले पूर्ण हेल्मेट, चामड्याचा सूट, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्यावर येणारे बूट आणि पाठीचे कवच यांचा खर्च जुन्या लहान गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. गाडीसाठी सामानात काटकसर करणारे पुष्कळ पाहिले आहेत. तुम्ही उलटे करा.

उत्तर २ (कोल्हापूरहून)

जुनी गाडी तपासण्याचे मी सांगतो. गाडी स्टँडवर घेऊन पुढचे चाक जमिनीवरून उचला आणि हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. मध्यावर, म्हणजे हँडल सरळ असते तिथे, किंचित खाचेत बसल्यासारखे अडकले तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले आहे. नंतर फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे हलवा. टक टक असा आवाज नको. समोर बसून दोन्ही फोर्क एका डोळ्याने एकमेकांमागे धरून पाहा, समांतर दिसले पाहिजेत. हँडलच्या स्टॉपरवर, चौकटीला जिथे हँडल टेकते तिथे, रंग उडून पत्रा दबलेला असेल तर गाडी जोरात पडलेली आहे, मालक काहीही म्हणो. चेन, स्प्रॉकेट, ब्रेक पॅड खराब असले तरी हरकत नाही, ते बदलायचेच असतात. किंमत तेवढी कमी करून घ्या.

घेतल्यावर ब्रेक फ्लुइड पूर्ण काढून डॉट ४ दर्जाचे नवे फ्लुइड भरा. जुन्या फ्लुइडने हवेतले पाणी शोषलेले असते, ते ट्रॅकवर तापून उकळते आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला लिव्हर स्पंजासारखा मऊ होत मुठीपर्यंत येतो. तेलाच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून तार गुंफून घ्या, रेडिएटरमध्ये ग्लायकॉलचे कूलंट असेल तर काढून साधे शुद्ध पाणी भरा, कारण कूलंट ट्रॅकवर सांडले तर मागून येणारा घसरतो. टायरची हवा गाडी थंड असतानाच मोजा. कोल्हापूरला येणार असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी गॅरेजला आणा. फोर्कला प्लास्टिकचा टाय बांधू, तुम्ही सूट घालून बसा, आणि स्प्रिंग तुमच्या वजनाला किती दबते ते मोजूनच सकाळी ट्रॅकवर पाठवतो.